माजी लोकप्रतिनिधींना पत्र लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सार्वजनिक वाचनालयाचा पत्रव्यवहार गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कार्यक्रमांची निमंत्रणं, देणगीदारांचे आभार, सत्काराची पत्रं, शोकसंदेश असं सगळं त्यात येतं. त्यामुळे ओळखीच्या संस्थांतून आणि मंडळांतून फोन येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "ते आता पदावर नाहीत, मग लिहायचं काय?" वारंवार दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती महाराष्ट्रातल्या मराठी पत्रव्यवहारापुरती आहेत.

'मा.' म्हणजे माननीय की माजी?

सगळ्यात जास्त गोंधळ या एका अक्षराने घातला आहे, म्हणून आधी हेच. पत्रांत, फलकांवर, कोनशिलांवर 'मा.' हे माननीयचं संक्षिप्त रूप म्हणून चालतं आणि माजीचंही. 'मा. नगराध्यक्ष' वाचणाऱ्याने नेमकं काय समजायचं? पदावर असलेले माननीय नगराध्यक्ष, की पद सोडलेले माजी? वाचणारा आपल्या माहितीवर अंदाज बांधतो, आणि माहिती नसेल तर चुकतो.

आमच्या वाचनालयाच्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत हेच झालं. मजकुरात मी 'माजी' पूर्ण लिहिलं होतं. ओळ मावेना, म्हणून छापखान्यात जुळणी करताना त्याचं 'मा.' झालं, आणि कच्ची प्रत तपासताना ते माझ्या नजरेतून सुटलं. पत्रिकेवर एकाखाली एक दोन नावं, आणि दोन्हींच्या आधी 'मा. नगराध्यक्ष'. एक तेव्हाचे, एक आधीचे. आधीच्यांना पत्रिका पोहोचली त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. म्हणाले, "मी माजी आहे, तसंच छापा. त्यात मला कमीपणा नाही. लोकांना वाटेल मीच तसं छापायला सांगितलं, त्याचं मला वाईट वाटेल." दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी बसून 'माजी' छापलेल्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर एकेक करून चिकटवल्या. डिंक जास्त झाला की खालची शाई पसरायची, कमी झाला की पट्टी सुटायची.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. माजी हा शब्द कधीही तोडायचा नाही. जागा कमी पडली तर टंकाचा आकार कमी करा, ओळ मोडा, पण माजी पूर्ण लिहा. 'मा.' हवंच असेल तर ते फक्त माननीयसाठी ठेवा. 'मा. श्री. अ. ब. क., माजी नगराध्यक्ष' असं लिहिलं की दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात आणि शंकेला वाव राहत नाही.

माजी असलेल्यांना 'माननीय' लिहिता येतं का?

येतं, निःशंक लिहा. माननीय हा सौजन्याचा शब्द आहे, पदाचं नाव नव्हे. ज्येष्ठ शिक्षकांना, समाजकार्यकर्त्यांना आपण माननीय लिहितोच. तेव्हा एखादी व्यक्ती पदावरून उतरली म्हणून तिच्या नावाआधीचा माननीय काढून टाकायचं कारण नाही. उलट, पद असताना माननीय आणि पद गेल्यावर नुसतं 'श्री.' असा बदल ज्यांना पत्र जातं त्यांच्या लगेच लक्षात येतो. आधी पाच वर्षं ज्यांना माननीय लिहिलं, त्यांना पुढेही लिहा.

'माजी' लिहिलं तर अपमान वाटणार नाही का?

ही भीती मी खूप ऐकली आहे. तिच्यापायी लोक पद जसंच्या तसं लिहितात. 'आमदार श्री. अ. ब. क.' म्हणजे समोरचे खूश, असा हिशेब. मला तो पटत नाही. गावात त्या मतदारसंघाचे दुसरे आमदार निवडून आलेले असतात. लोकांनी मतं देऊन ठरवलेली गोष्ट आपण पत्रात बदलू नये.

शब्दातही कमीपणा नाही. माजी हा मूळ अरबी शब्द, अर्थ 'होऊन गेलेला'. मराठीत तो 'आजी-माजी' अशा जोडीत रुळला. इथला 'आजी' म्हणजे आजचा. 'आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा' म्हणताना कोणाला माजी विद्यार्थी असण्यात उणेपणा वाटत नाही. एकेकाळी लोकांनी या माणसावर विश्वास टाकला होता आणि त्याने ती जबाबदारी वाहिली होती, एवढं तो शब्द सांगतो.

तरीही एखाद्या घरगुती पत्रात पदाचा उल्लेख नकोसा वाटला, तर पदच लिहू नका. 'माननीय श्री. अ. ब. क. यांस' एवढं पुरतं. पद लिहायचंच असेल तर मात्र खरं लिहा.

माजी, भूतपूर्व, निवृत्त, तत्कालीन : यांतलं कुठलं?

निवडून आलेल्यांसाठी माजी. भूतपूर्व चूक नाही, पण मराठी कानाला तो जड आणि जरा हिंदी वळणाचा वाटतो; मी वापरत नाही. निवृत्त हा नोकरीतला शब्द आहे : निवृत्त तहसीलदार, निवृत्त मुख्याध्यापक. आमदार निवृत्त होत नाहीत, त्यांची मुदत संपते. (विधान परिषदेचे सदस्य 'निवृत्त झाले' असं बातम्यांत येतं ते सभागृहातून मुदतीनुसार बाहेर पडण्यापुरतं. पाकिटावर तिथेही माजीच.)

तत्कालीन हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तो माणसाला नव्हे, प्रसंगाला लागतो. 'वाचनालयाच्या इमारतीची पायाभरणी तत्कालीन नगराध्यक्ष श्री. अ. ब. क. यांच्या हस्ते झाली' हे बरोबर, कारण तेव्हा ते पदावर होते. इथे 'माजी नगराध्यक्षांच्या हस्ते' लिहिलं तर पायाभरणीच्या वेळीच ते माजी होते असा अर्थ निघेल. म्हणजे पत्ता लिहिताना माजी आणि जुनी हकिगत सांगताना तत्कालीन. अहवाल लिहिणाऱ्यांनी हा फरक जरूर सांभाळावा.

'माजी' वाक्यात कुठे ठेवायचा?

पदाला चिकटवून. 'मुंबईचे माजी महापौर' लिहा, 'माजी मुंबईचे महापौर' नको. माजी झाले ते महापौर, मुंबई नव्हे. तसंच 'विधान परिषदेचे माजी सदस्य'. 'माजी नगराध्यक्ष श्री. अ. ब. क. यांच्या पत्नी आणि पंचायत समितीच्या सभापती' अशा लांब वाक्यात कोण माजी, कोण आजी हे हरवतं. दोन वाक्यं करा.

एखादी व्यक्ती नेमकी कधी माजी होते?

इथे घाई करून चालत नाही, कारण प्रत्येक सभागृहाची तऱ्हा वेगळी आहे.

विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं. ती संपली किंवा सभा आधीच विसर्जित झाली की सगळे २८८ सदस्य एकदम माजी होतात. अपवाद एकच : विधानसभेचे अध्यक्ष. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७९ प्रमाणे विसर्जनानंतरही नव्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या लगेच आधीपर्यंत त्यांचं पद चालू राहतं. मधल्या काळात त्यांना पत्र गेलं तर 'माजी अध्यक्ष' लिहिणं चूक ठरेल. लोकसभेच्या अध्यक्षांनाही घटनेने तशीच तरतूद केली आहे.

विधान परिषद आणि राज्यसभा कधी विसर्जित होत नाहीत. सदस्यांची मुदत सहा वर्षांची आणि साधारण एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बाहेर पडतात. त्यामुळे तिथे ज्याची त्याची तारीख पाहावी लागते.

राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्यांना पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगितलं जातं, तेव्हा ते काळजीवाहू मुख्यमंत्री असतात, माजी नव्हे. नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली की माजी.

महापालिकांत तर निवडणूक न होताही सगळे माजी होऊ शकतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि २२७ नगरसेवक एका दिवसात माजी झाले. महापौरही माजी झाल्या आणि त्यांच्या जागी पुढची काही वर्षं नवं कोणी आलंच नाही. त्या काळात 'नवीन कोणी आलेलं नाही, म्हणजे जुनेच चालू' असं समजून लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. तसं नसतं. खुर्ची रिकामी असली तरी आधीची व्यक्ती माजीच.

नावाआधी आ., खा., ना. लावावं का?

नाही. आ. म्हणजे आमदार, खा. म्हणजे खासदार, ना. म्हणजे नामदार. तिन्ही चालू पदाची चिन्हं आहेत. वर्तमानपत्रांत आणि पत्रिकांत मंत्र्यांच्या नावाआधी ना. येतं. मंत्रिपद गेलं आणि आमदारकी राहिली तर आ. लिहावं, दोन्ही गेलं तर श्री. किंवा श्रीमती. 'माजी ना.' असं काही नसतं. लिहायचं तर 'माजी मंत्री' लिहा. 'माजी आ.' हेही नको, माजी आमदार पूर्ण लिहा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना आजही आपण 'नामदार गोखले' म्हणतो, त्याचं काय, असं एका मुलाने मला विचारलं होतं. चांगला प्रश्न होता. तिथे पदवी नावातच मुरली, लोकमान्य टिळकांसारखी. ते इतिहासाने दिलेलं नाव आहे. हयात व्यक्तीला पत्र लिहिताना तो दाखला घेता येत नाही.

आमदार विधानसभेचे की परिषदेचे, हे लिहायला हवं का?

बोलताना दोघांनाही आमदार म्हणतात आणि पत्रातही 'माजी आमदार' चालतं. मानपत्र, स्मरणिका किंवा परिचय असेल तर मात्र 'माजी सदस्य, महाराष्ट्र विधान परिषद' असं नेमकं लिहा. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून गेलेल्या सदस्यांना तो उल्लेख विशेष आपुलकीचा असतो. खासदारांच्या बाबतीतही लोकसभा की राज्यसभा हे परिचयात स्पष्ट असावं.

त्यांनी अनेक पदं भूषवली आहेत. सगळी लिहू का?

पाकिटावर एकच लिहा. मनोहर जोशींचं उदाहरण घ्या. १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर, १९९५ ते १९९९ मुख्यमंत्री, पुढे केंद्रीय मंत्री आणि २००२ ते २००४ लोकसभेचे अध्यक्ष. ही सगळी यादी पत्त्याच्या जागेत घातली असती तर पत्ता लिहायला जागा उरली नसती.

सर्वसाधारण रीत अशी की सर्वांत मोठं पद लिहावं. मी त्यात थोडी भर घालते. पत्राचा विषय काय आहे तेही पाहा. मुंबईच्या नागरी इतिहासावरच्या चर्चेचं निमंत्रण असतं तर 'मुंबईचे माजी महापौर' हाच उल्लेख शोभला असता. संसदीय कामकाजावर व्याख्यान असतं तर 'लोकसभेचे माजी अध्यक्ष'. ज्या नात्याने आपण बोलावतो, ते नातं पाकिटावर दिसावं. बाकीची पदं परिचयात येऊ द्या, तिथे एकही गाळू नका.

एकच पद दोनदा भूषवलं असलं तरी माजी एकदाच. 'दोन वेळा माजी आमदार' हे मी प्रत्यक्ष छापलेलं पाहिलं आहे. म्हणायचं असतं 'दोन वेळा आमदार राहिलेले'.

माजी मुख्यमंत्री आज दुसऱ्या पदावर असतील तर?

आजचं पद लिहा. शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ मुख्यमंत्री होते आणि १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री म्हणून बसले. त्या वेळी खात्याच्या कामाचं पत्र त्यांना 'मंत्री' म्हणूनच जायला हवं होतं, मोठं पद मागे होऊन गेलं असलं तरी. कार्यालयाची आवक-नोंद चालू पदावर चालते. 'माजी मुख्यमंत्री' असा पत्ता घातलेलं पत्र व्यक्तिगत समजून बाजूला पडू शकतं.

पत्र प्रत्यक्षात कसं दिसावं?

साध्या निमंत्रणाच्या पत्राचा नमुना :

प्रति,
मा. श्री. अ. ब. क.,
माजी अध्यक्ष, जिल्हा परिषद,
(घरचा पत्ता)

विषय : वाचनालयाच्या वर्धापनदिनास उपस्थित राहण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.
आपण जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असताना आमच्या वाचनालयाच्या बालविभागाची सुरुवात झाली. त्या विभागाला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. या निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमास आपण उपस्थित राहावे आणि मुलांशी चार शब्द बोलावे, अशी आमची इच्छा आहे.
कळावे.
आपली नम्र,
(सही, नाव, हुद्दा)

तीन गोष्टी पाहा. पत्ता घरचा आहे. पदाच्या कार्यालयाचा पत्ता घातला तर पत्र आजच्या पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचतं. मायन्यात पद नाही, नुसतं 'महोदय' आहे. आणि पदाची आठवण मजकुरात 'आपण अध्यक्ष असताना' अशी, कामाला जोडून आली आहे. मला विचाराल तर खरा मान याच ओळीत आहे. माननीय तर सगळेच लिहितात, पण त्यांच्या काळात झालेलं एखादं काम नेमकं आठवून लिहिणारं पत्र माणूस जपून ठेवतो.

मायन्यात 'सा. न. वि. वि.' चालेल का?

चालेल, पण कोणाला लिहिताय ते पाहा. साष्टांग नमस्कार विनंती विशेष हा जुन्या वळणाचा, ज्येष्ठांना शोभणारा मायना आहे. वयाने मोठ्या माजी सरपंचांना किंवा शिक्षक असलेल्या माजी आमदारांना हस्तलिखित पत्रात तो फार चांगला वाटतो. संस्थेच्या छापील कागदावर 'सादर नमस्कार' किंवा 'सविनय नमस्कार' बरा. 'तीर्थरूप' वडीलधाऱ्या नातेवाइकांसाठी राखून ठेवा. शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपला नम्र' पुरे. जुन्या अर्जांतला 'आपला आज्ञाधारक' नको. आपण मतदार आहोत. ते पदावर होते तेव्हाही आपण त्यांचे आज्ञाधारक नव्हतो.

'यांस' की 'यांना'? दोन्ही बरोबर. पत्त्यात 'यांस' रूढ आहे, मजकुरात 'यांना' सहज वाटतं.

महिला लोकप्रतिनिधींसाठी काय वेगळं?

पहिली गोष्ट, 'सौ.' नको. सार्वजनिक पत्रात बाईंच्या लग्नाची नोंद करायचं कारण नाही, आणि परिस्थिती बदललेली असली तर ते एक अक्षर फार दुखावतं. 'श्रीमती' सगळ्यांना चालतं. काही घरांत श्रीमती फक्त विधवांसाठी समजतात. शासकीय पत्रव्यवहारात तसा अर्थ नाही. तरी त्या स्वतः कसं नाव लिहितात ते माहीत असेल तर तेच पाळावं.

आमदार, खासदार, महापौर, सरपंच, सभापती, मंत्री हे शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही तसेच लागतात. सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, त्याही महापौरच. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. त्या निवडून आल्या तेव्हा स्त्रीसाठी वेगळा शब्द हवा का यावर चर्चा झाली, पण शब्द राष्ट्रपतीच राहिला. नगरसेवकाचं नगरसेविका मात्र चांगलंच रुळलं आहे, तेव्हा 'माजी नगरसेविका' लिहा. अध्यक्ष की अध्यक्षा, नगराध्यक्ष की नगराध्यक्षा? दोन्ही दिसतात. मी अध्यक्षच लिहिते. पदाचं नाव कायद्यात जसं आहे तसं ठेवावं. मायन्यात 'महोदया'.

आणि एक कळकळीची विनंती. माजी सरपंच बाईंना पत्र पाठवताना ते त्यांच्याच नावाने पाठवा, यजमानांच्या नावाने नको. त्या पदावर असतानाही अनेकींच्या वाट्याला हे आलं आहे. निदान त्यानंतरच्या पत्रांत तरी त्यांचं नाव आधी यावं.

सगळे त्यांना दादा, ताई, आबा, साहेब म्हणतात. पत्रात लिहू का?

महाराष्ट्राला ही सवय फार जुनी. वसंतराव पाटलांचे वसंतदादा झाले, आर. आर. पाटलांना आणि सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना लोक आबाच म्हणत, मनोहर जोशी 'सर' होते. हे नाव पदासारखं मुदतीवर येत नाही, त्यामुळे जातही नाही.

पत्त्यात पूर्ण नाव लिहा आणि मायन्यात, ओळख असेल तर, हे नाव येऊ द्या : 'माननीय ताई, सादर नमस्कार.' ओळख नसेल तर उगाच लगट वाटते, मग महोदया बरं. 'श्री. अ. ब. क. साहेब' असं दोन्हीकडून आदर बांधणं अनावश्यक आहे; श्री. घातलं की साहेब नको. नावामागे 'जी' लावणंही मी टाळते. मराठीत आदर 'राव', 'ताई', 'यांनी' आणि अनेकवचनी क्रियापदातून पुरेसा येतो.

माजी राष्ट्रपतींना 'महामहिम' लिहायचं ना?

नको. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनानेच महामहिम मागे ठेवून 'राष्ट्रपती महोदय' आणि 'माननीय' हे शब्द स्वीकारले. पदावरच्या राष्ट्रपतींनाच ते लागत नाही, तर माजींना कुठून? 'माननीय श्रीमती अ. ब. क., भारताच्या माजी राष्ट्रपती' पुरेसं आणि शोभणारं आहे. माजी राज्यपालांनाही हेच. ते निवडून आलेले नसतात, पण लिहिण्याची रीत तीच.

मोठ्या समारंभात बसण्याचा क्रम लावायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा : केंद्र सरकारच्या मानक्रमात माजी राष्ट्रपती पाचव्या आणि माजी पंतप्रधान सातव्या स्थानी, केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांच्या बरोबरीने आहेत.

पद्मश्री, डॉक्टर, ॲडव्होकेट नावाआधी लावावं का?

डॉ., प्रा., ॲड. लावा, मग श्री. गाळा. पद्म पुरस्कार नावाला जोडू नका. अनुच्छेद १८ ने किताब बंद केले आणि १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते नावाआधी वा नावामागे लावता येत नाहीत. पत्रिकांवर ही चूक इतकी दिसते की कोणाला ती चूक वाटेनाशी झाली आहे. परिचयात 'पद्मश्रीने सन्मानित' असं लिहा.

निमंत्रणपत्रिकेत आजी आणि माजी दोघंही आहेत. क्रम काय?

समान पदाचे असतील तर आजी आधी. माजी एकापेक्षा जास्त असतील तर ज्यांनी पद आधी भूषवलं त्यांचं नाव आधी, म्हणजे कोणाला प्रश्न पडत नाही. पक्षाप्रमाणे क्रम लावू नका. आणि छापण्याआधी कच्ची प्रत दोघांनी वाचा. एकाने फक्त नावांआधीचे शब्द पाहावेत.

पत्रात काम सांगता येतं का?

सल्ला, मार्गदर्शन, जुन्या कामाची माहिती, शिफारस हे सगळं मागता येतं आणि माजी लोकप्रतिनिधी बहुधा मनापासून मदत करतात. 'आपल्या निधीतून' मात्र लिहू नका. स्थानिक विकास निधी चालू आमदार-खासदारांकडे असतो. माजींकडे तो मागितला की त्यांना नाही म्हणावं लागतं, आणि तशी वेळ आपण त्यांच्यावर आणू नये.

माझे वडील माजी नगराध्यक्ष आहेत. त्यांच्या पत्रशीर्षावर काय असावं?

नाव, खाली 'माजी नगराध्यक्ष', गावाचं नाव आणि हवा तर कार्यकाळ. तीन सिंहांची राजमुद्रा नको. राजमुद्रेच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा माजी पदाधिकाऱ्यांनाही स्पष्टपणे लागू आहे. जुने छापील कागद शिल्लक असतील तर ते कच्च्या लिखाणालाही वापरू नका. नगरपालिकेचं बोधचिन्हही त्या पालिकेचं आहे, व्यक्तीचं नाही.

पदावर असतानाच किंवा नंतर त्यांचं निधन झालं असेल तर?

कुटुंबाला लिहिताना 'कै.' किंवा 'दिवंगत' वापरा, 'स्व.' हल्ली फार दिसतं. पदावर असताना गेले तर ते माजी झालेच नव्हते, म्हणून 'दिवंगत आमदार'. नंतर गेले असतील तर 'दिवंगत माजी आमदार' हे ओझं नको. 'माजी आमदार कै. अ. ब. क.' असं सरळ लिहा. शोकपत्रात तर पद एकदाच यावं आणि बाकी मजकुरात माणूस यावा.

चुकीचं संबोधन गेलं. आता काय करू?

त्याच दिवशी फोन करा, स्वतः करा, मदतनिसाकडून नको. 'पत्रात आपल्या पदाचा उल्लेख चुकला आहे, दुरुस्त पत्र पाठवत आहे' इतकंच बोला आणि दुरुस्त पत्र खरोखरच पाठवा. पत्रिका असेल तर उरलेल्या प्रतींवर पट्टी चिकटवा. डिंक बोटाने नको, काडीने लावा.